खेळाची ट्यूशन

आमच्या धारवाडात मूल धड चालायला लागलं की त्याला ट्यूशनला घालतात. यात मी कुणाला हसत नाही, कारण ती ट्यूशन मीच घेते. मळमड्डीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, गणिताची. सप्तापुरातल्या मोठमोठ्या क्लासांचे फलक चौकाचौकात लागतात, त्यावर पोरांचे फोटो आणि रँक असतात. माझा फलक नाही. ‘अंबूताई टीचर’ एवढं सांगितलं की रिक्षावाला मागे बसलेल्या मुलाकडे कीव आल्यासारखं बघतो आणि बरोबर दारात आणून सोडतो.

माझा धाकटा भाऊ ओंकार गदगकडच्या पवनचक्क्यांवर इंजिनियर होता. वारा आमचा असला तरी चक्क्या करणारी कंपनी डेन्मार्कची. तिने त्याला तीन वर्षांसाठी तिकडेच बोलावून घेतलं. तो गेला, बायको शीतल गेली, आणि त्यांची पोर दीक्षा गेली. घर मोठं वाटायला लागलं असं लोक म्हणतात. मला ते घर बिनकामाचं वाटायला लागलं.

दीक्षा माझ्याच हाताखाली वाढली होती. शीतल दिवसभर बँकेत, ओंकार चक्क्यांवर, आणि माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही हे विचारायचंही लोकांनी आता सोडून दिलंय. पोर आधी माझ्या मांडीवर बसून दुसऱ्यांची ट्यूशन ऐकायची, मग स्वतःची वही घेऊन सतरंजीवर बसायला लागली. खोलीत असेपर्यंत मला टीचर म्हणायची, उंबऱ्याबाहेर पाय पडला की आत्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रात्री माझ्याच शेजारी झोपायची.

जाताना प्रत्येकाने तिला काही ना काही दिलं. मी वेळापत्रक दिलं. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडे शाळा सुटून ती घरी आली की, मोबाइलवर माझी ट्यूशन. कारण तयार होतं: परत आल्यावर इथल्या पोरांच्या मागे पडायला नको. ओंकारला ते पटलं, शीतलला तर फारच पटलं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, ते इथे सांगते. दिवसातला तो एक तास मला ती पोर हवी होती. ‘मला तिची आठवण येते, रोज फोन करा’ असं सरळ म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. मध्ये गणित घातलं की सगळं सोपं होतं.

तर दीक्षा रोज मोबाइलसमोर बसायची, आणि आधी शाळेतल्या बातम्या सांगायची.

“आत्या, इथे टीचर वर्गात आल्या तरी कुणी उभंच राहत नाही.”

“आणि तू?”

“मी राहते.”

“शाब्बास.”

“आणि टीचरना नावाने हाक मारायची. आमच्या टीचरचं नाव किर्स्टेन.”

“नुसतं किर्स्टेन?”

“मी किर्स्टेन टीचर म्हणते. सगळे हसतात.”

“हसू दे. त्यांना वळण नाही.”

परीक्षा नाही, रँक नाही. वरच्या वर्गात जाईपर्यंत मार्क म्हणून देतच नाहीत. हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही. मार्क नाहीत तर पोरांना आपण कोण आहोत हे कळतं तरी कसं? मी शेजारच्या पद्मनाभांना विचारलं. पद्मनाभ शिक्षण खात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेत. बायको वारली, मुलगा बंगळुरात. रोज संध्याकाळी पेपर घेऊन आमच्या दोघांच्या मधल्या बुटक्या भिंतीला टेकून उभे राहतात, आणि शाळेचा विषय निघाला की आपलं मत मागितलंय असं त्यांना वाटतं. ते म्हणाले, “मार्क नाहीत म्हणजे रेकॉर्ड नाही. रेकॉर्ड नाही म्हणजे शाळाच नाही.” एरवी त्यांचं मला काही पटत नाही, हे पटलं.

पुढे कळलं की मधल्या सुट्टीत पाऊस असला तरी पोरांना बाहेर काढतात. झाडावर चढू देतात. आणि लाकूड तासायला शाळाच हातात सुरी देते. सुरी ऐकल्याबरोबर मी शीतलला फोन लावला.

“अहो अक्का, सगळीच पोरं तासतात की,” शीतल म्हणाली. “बाकीच्यांनी चिमण्या केल्या, होड्या केल्या. आपल्या दीक्षाने पट्टी केली. अगदी सरळ. खुणासुद्धा पाडल्यात.”

मला फार आनंद झाला. परक्या मुलखात जाऊनही पोर बिघडली नव्हती.

पहिलं वर्ष तिकडची भाषा शिकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी तिला नेहमीच्या वर्गात घेतलं, तिथेही टीचर किर्स्टेनच, आणि थोड्याच दिवसांत पालकसभा झाली. तिकडे पालकसभेला मुलालाही बसवतात. टीचर आधी मुलाला विचारते, मग आईबापांकडे वळते. आमच्याकडे मूल हा सभेचा विषय असतो, सभासद नसतो. असो. किर्स्टेनने सांगितलं की दीक्षा गणितात वर्गाच्या बरीच पुढे आहे, नीटनेटकी आहे, कधी उशीर करत नाही. ओंकार म्हणाला, एवढं ऐकून मी पेढ्यांचा विचार करायला लागलो होतो.

मग किर्स्टेन म्हणाली, पण दीक्षा खेळत नाही.

सुट्टीत ती भिंतीला पाठ लावून उभी राहते, देखरेखीवर असलेल्या टीचरच्या शेजारी. मुलांनी बोलावलं तर नम्रपणे नाही म्हणते. एकदा सगळ्यांनी मिळून चिखलाचं धरण बांधलं तेव्हा तिने विचारलं, हे कुठल्या विषयात येतं. तिला एकही मैत्रीण नाही. यंदा तिला एक मैत्रीण मिळावी, एवढंच शाळेचं उद्दिष्ट आहे.

एवढंच उद्दिष्ट! अख्ख्या वर्षाचं! आमच्याकडे असं सांगणाऱ्या शाळेतून पालकांनी त्याच दिवशी दाखला काढला असता.

त्यावर शाळेने उपाय काढला तो ऐका. वर्गातल्या पोरांच्या लहान लहान टोळ्या पाडल्या. प्रत्येक टोळीने शाळा सुटल्यावर पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जायचं आणि खेळायचं. घरच्यांनी दार उघडायचं, काहीतरी खायला द्यायचं आणि बाजूला व्हायचं. तिकडे ही जुनीच पद्धत आहे म्हणे. दीक्षाच्या टोळीत ती धरून चौघं होती, आणि आमच्या घरची पाळी शेवटची होती.

त्या रात्रीच्या फोनवर ओंकारचा आवाज मऊ होता. तो मऊ बोलायला लागला की समजावं, काहीतरी काढून घ्यायला आलाय.

“अक्का, जरा ऐक की. संध्याकाळची ट्यूशन थोडे दिवस बंद ठेवू या. पोरीला मोकळा वेळ पाहिजे म्हणते टीचर.”

“मोकळ्या वेळात काय करायचं?”

“काही नाही. तेच तर.”

थोडे दिवस म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पोरांच्या आया थोडे दिवस म्हणूनच ट्यूशन सोडवतात, आणि ती पोरं पुन्हा दिसतात ती स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली की. मी ओंकारला जास्त बोलू दिलं नाही.

“तिला खेळता येत नाही, हीच तक्रार ना?”

“हो.”

“मग जे येत नाही ते शिकवायला नको? कोण शिकवणार? तू?”

लहानपणी त्यालाही मीच शिकवलेलं, त्यामुळे त्यालाही खेळता येत नव्हतं.

“तासाला हात लावू नकोस,” मी म्हटलं. “विषय बदलते.”

अशी मी खेळाची ट्यूशन सुरू केली. कोण काय म्हणेल याची मला फिकीर नव्हती. माझा तास वाचला होता.

आधी अभ्यासक्रम ठरवला. सोप्याकडून अवघडाकडे. पहिला धडा कुंटेबिल्ले, म्हणजे जमिनीवर चौकोन आखायचे आणि लंगडी घालत ठिकरी एकेका घरातून पुढे ढकलायची. मग लगोरी, मग लपंडाव. अडचण एकच होती. शिकवणाऱ्याला आधी स्वतःला यावं लागतं, आणि मी शेवटची लंगडी घातली तेव्हा परकरात होते. पण टीचरने फळ्यासमोर कच खाल्ली की संपलं. मी अंगणात खडूने चौकोन आखले, कुंडीवर मोबाइल उभा केला, पदर खोचला आणि एक पाय वर घेतला.

दुसऱ्याच घरात मी भिंत धरली. भिंतीपलीकडून पेपर खाली आला.

“एन्री टीचर,” पद्मनाभ आपल्या कानडी मराठीत म्हणाले, “काय नडवलंय हे? काय चाललंय?”

“शिकवतेय.”

“गणित?”

“गणित झालं. त्याच्या पुढचं.”

त्यांनी पेपर पुन्हा वर केला, पण पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर न घेताच यायला लागले.

तिकडे शीतलने दिवाणखान्यात चिकटपट्टीचे चौकोन केले होते. दीक्षा चौकोनांसमोर हात मागे बांधून उभी राहिली.

“आत्या, रेषेवर पाय पडला तर किती मार्क जातात?”

खेळात मार्क नसतात हे मला माहीत होतं. पण पोर पहिल्यांदाच चौकोनासमोर उभी होती, आणि मार्क नाहीत म्हटलं असतं तर ती खाली बसली असती. मी म्हटलं, “दोन.” लंगडीला पाच ठेवले, ठिकरीला पाच, आणि हसण्याला पाच, कारण ती हसत नाही असं किर्स्टेनने मुद्दाम सांगितलं होतं. दीक्षाने उडी मारायच्या आधीच दात दाखवले आणि शेवटच्या घरापर्यंत तोंड तसंच उघडं ठेवून गेली. मी चार दिले. एक कापला, आवाज आला नाही म्हणून.

पण रोज थोडं थोडं जमत गेलं. एकदा मी ठिकरी उचलायला वाकले ती मला वर येता येईना, कमरेत उसण भरली. पद्मनाभ भिंतीवरून ओरडले, “हलू नका, हलू नका, मी येतो,” आणि त्यांना स्वतःलाच ती भिंत ओलांडता येईना. दीक्षा हे मोबाइलवर बघत होती. ती अशी हसली, अशी हसली की जमिनीवर लोळली, ठसका लागला, शीतल स्वयंपाकघरातून धावत आली. मी तशी वाकलेलीच ओरडले, “पाचपैकी पाच!” कंबर पुढे कितीतरी दिवस दुखत होती. पण मी सुखात होते. गणिताच्या तासाला ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती, आणि मीही तिच्याशी.

लपंडाव मात्र मी लवकर आवरता घेतला. मी डोळे मिटून अंक मोजायचे, ती लपायची, आणि मग मी इथे बसून मोबाइलमधल्या रिकाम्या खोलीकडे बघत राहायचे. पडदा दिसायचा, सोफा दिसायचा, ती दिसायची नाही. मला ते सहन होईना.

आमच्या घरची पाळी आली. शीतलने चकल्या केल्या, शिरा केला, आणि खबरदारी म्हणून बाजारातून तिकडचा केकही आणला. ओंकारने मला आधीच बजावलं होतं, आज त्या वेळेला फोन नाही. मी इकडे माझ्या पोरांना अपूर्णांक शिकवत होते आणि विनाकारण सगळ्यांवर खेकसत होते. पद्मनाभ दोनदा दारात येऊन गेले.

“रिझल्ट?”

“अजून नाही.”

रात्री जेवायच्या वेळेला फोन आला. दीक्षाचे केस विस्कटलेले, फ्रॉकवर शिरा सांडलेला.

“आत्या, झालं! सगळ्यांना आवडलं!”

“काय काय खेळलात?”

“कुंटेबिल्ले. ते त्यांना आधीपासूनच येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं.” मी जरा खट्टू झाले. “पण त्यांना मार्क येत नव्हते. मी सगळ्यांना ओळीत बसवलं. मग एकेकाला बोलावलं आणि मार्क दिले. तुझ्यासारखे.”

“मग?”

“एमिलला चार मिळाले. तो रडला. मग म्हणाला, उद्या परत येऊ का सरावाला?”

मी भिंतीकडे जाऊन पद्मनाभांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. “छलो झालं,” ते म्हणाले, “भाळ छलो झालं. फार चांगलं झालं.” त्यांना खात्यातली बढती मिळाली होती तेव्हासुद्धा ते इतके खूश दिसले नव्हते. मला तर माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याच्या निकालाने एवढा ऊर भरून आल्याचं आठवत नाही. आमच्या ट्यूशनची पद्धत सातासमुद्रापार चालली होती, आणि तीसुद्धा फुकट.

ती जरा जास्तच चालली. एमिल दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. ज्या पोरांनी जन्मात कधी मार्क पाहिले नव्हते त्यांना मार्कांची अशी चटक लागली की वर्गात जो तो मार्क द्यायला लागला. चित्राला मार्क, डब्यातल्या पावाला मार्क, शिंकेला मार्क. कुणाचा तरी कुत्रा शाळेच्या फाटकाशी आला तर त्याच्या शेपटीला मार्क. आणि मार्क नक्की कसे कापायचे हे फक्त दीक्षाला कळत असल्यामुळे सुट्टीत तिच्याभोवती रांग. भिंत तिने सोडली होती. हे सगळं ती मला मोबाइलवर सांगायची, आणि अवघड प्रकरणात माझा सल्ला घ्यायची. एकदोन पालकांच्या तक्रारी गेल्या. त्यांची पोरं जेवताना आईच्या रश्श्याला दहापैकी पाच देत होती.

किर्स्टेनने सभा बोलावली. हे कुठून आलं असं तिने विचारलं तेव्हा दीक्षाने अभिमानाने माझं नाव सांगितलं होतं. त्यामुळे मलाही मोबाइलवर हजर राहायचं आमंत्रण आलं.

मी इरकल नेसले. पुढच्या खोलीतल्या पोरांना सुट्टी दिली. पद्मनाभ न बोलावता कोट घालून आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. “खात्याकडून,” ते म्हणाले. कुठल्या खात्याकडून ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर एकटीला भीती वाटत होती.

किर्स्टेन मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच तरुण निघाली. पायात नुसते मोजे, आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलेली. एका बाजूला ओंकार आणि शीतल, मध्ये दीक्षा. किर्स्टेन इंग्रजीत बोलत होती, सावकाश, मला कळावं म्हणून. तिने सगळा प्रकार सांगितला. मग म्हणाली, “वर्गाने मलाही दहापैकी सात दिले. त्या दिवशी घरी गेल्यावर मी संध्याकाळभर विचार करत होते, माझे तीन कशात गेले.”

“म्हणजे फरक पडतो,” मी म्हटलं.

ती मोकळेपणी हसली. भांडण होईल म्हणून मी कंबर कसून बसले होते, तर ही हसत होती. मार्क द्यायचं बंद करायला मुलांना मी समजावेन, ती म्हणाली, पण दीक्षा आता खेळते, सगळ्यांना ती हवी असते, आणि ते तुमच्यामुळे झालं. पद्मनाभांनी कोट सारखा केला. मग ती दीक्षाकडे वळली आणि तिने विचारलं, आता पुढे तुला काय हवंय?

दीक्षा खाली बघत होती. पोर घाबरली असं मला वाटलं. मी म्हटलं, “सांग की गं. सांग, मला आत्याची ट्यूशन...”

“अंबू,” किर्स्टेन म्हणाली, “आपण जरा थांबू या.”

आई गेल्यापासून मला नुसतं अंबू कुणी म्हटलं नव्हतं. मी थांबले.

दीक्षा बोलायला लागली ती तिकडच्या भाषेत. बराच वेळ बोलली. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी फक्त चेहरे बघत होते. किर्स्टेनचं हसू गेलं. शीतलने मान फिरवली. ओंकारने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“काही नाही अक्का. नंतर सांगतो.”

“आत्ता सांग.”

किर्स्टेनने दीक्षाला हळूच काहीतरी विचारलं. दीक्षाने मान हलवली, मोबाइलच्या जवळ आली आणि मराठीत बोलली.

“आत्या, शाळा सुटल्यावर सगळे एमिलच्या घरामागे खेळतात. मलाही रोज बोलावतात. पण तेव्हा आपली ट्यूशन असते.”

“मग मला सांगायचं नाहीस?”

“सांगणार होते. पण मी आले नाही तर तू काय करशील? तुझ्याकडे खेळायला कुणीच नाही. म्हणून मी रोज येते.” मग तिला वाटलं असावं आपण काहीतरी लागेल असं बोललो, कारण तिने घाईघाईने पुढे जोडलं, “मला चालतं, आत्या.”

इतके दिवस मी समजत होते की मी तिला रोज एक तास देतेय. देत होती ती. मोबाइलसमोर येऊन, हात मागे बांधून, घरामागे ओरडणारी पोरं सोडून, रोज. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते कळेना. पलीकडे सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. आमच्याकडे असतं तर एवढ्यात कुणीतरी चहाचं विचारलं असतं. ही माणसं थांबायचं म्हटलं की खरंच थांबतात.

मी घसा साफ केला आणि वर्गातला आवाज लावला.

“बरं झालं तूच विषय काढलास. मी सांगणारच होते. माझ्याकडे नवीन बॅच आलीय. सप्तापुरातली पोरं. नेमकी ह्याच वेळेला. मला आता रोज जमायचं नाही.”

ओंकार माझ्याकडे बघत राहिला. तो माझा विद्यार्थी होता, मी केव्हा खोटं बोलते हे त्याला कळतं.

“खरंच?” दीक्षाने विचारलं.

“खरंच म्हणजे काय? विचार ह्यांना.”

पद्मनाभांनी आयुष्यभर खात्यात खोट्या माहितीवर सह्या करायचं टाळलं होतं, असं ते स्वतःच सांगतात. ते मोबाइलकडे झुकले. “हो हो,” ते म्हणाले, “फार गर्दी. चपला ठेवायला जागा नाही.”

दीक्षाचा चेहरा एकदम उजळला. तिने किर्स्टेनकडे बघितलं, आईकडे बघितलं, खुर्चीवरून उतरली, आणि मी “अच्छा” म्हणायच्या आत खोलीच्या बाहेर होती. तिच्या धावण्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला. किर्स्टेनने माझे आभार मानले. ओंकार म्हणाला, “अक्का, रविवारी तरी...” मी म्हटलं, “बघू, वेळ मिळाला तर,” आणि फोन बंद केला.

पद्मनाभ हळूच म्हणाले, “नवीन बॅच कुठली, टीचर?” मी त्यांना घरी जायला सांगितलं. ते गेले. मी दार लावलं, सतरंजीवर बसले आणि पोटभर रडले. पोर सुखी झाली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, आणि ते वाटतही होतं. पण ते रडणं त्यासाठी नव्हतं. तिने ‘खरंच?’ एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं सांगून टाकलं असतं.